सलूनवाल्या काकांच्या डोक्यावर

मी एक जुनी टोपी आहे, मित्रांनो. उन्हात मिरवायची नव्हे, आणि लोक एकमेकांना घालतात ती तर मुळीच नव्हे. मी इस्पितळातली टोपी. माझ्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला भोकं, प्रत्येक भोकात एक चकती आणि प्रत्येक चकतीला एक वायर. पहिल्यांदा पाहणारी माणसं मला हसतात. हसू देत.

कारखान्यात माझ्या चकत्या बसवणाऱ्या बाईंचा हात इतका हलका होता की मला गुदगुल्याच व्हायच्या. तिथून मी थेट या इस्पितळात आले. काम काय, तर ऐकायचं. मेंदूचे निरनिराळे भाग सतत एकमेकांशी बोलत असतात. डोक्याला जबर मार बसला की त्यांच्यामधल्या वाटा तुटतात आणि घरातल्यांनी अबोला धरावा तसे ते आपापल्या जागी गप्प बसतात. कोण कोणाशी बोलतंय ते मी कान देऊन ऐकते आणि सगळं पडद्यावर सांगून टाकते. चहाडखोर म्हणा हवं तर.

खूप डोकी पाहिली, पण सलूनवाल्या काकांचं डोकं विसरणार नाही. स्कूटरवरून पडून ते बेशुद्ध झाले होते. पुढे डोळे उघडले, पण नजर कुठे ठरेना आणि हाकेला हूं की चूं नाही. आत कोणी आहे की नाही, हेच कुणाला कळेना. काकांच्या भावाने तर सलून विकत घेणारा माणूसही शोधून ठेवला. काकूंनी मनावर दगड ठेवून होकार दिला होता. त्या फक्त माझ्या तपासणीसाठी थांबल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी चकत्यांखाली चिकट जेल भरून मला काकांच्या डोक्यावर बसवलं. हात हलत नसला तरी तो हलवायचा नुसता विचार केला, तर मला कळतं. म्हणून त्यांनी काकांना मनातल्या मनात कात्री चालवायला सांगितलं. अहाहा! उजव्या हाताचा कारभार पाहणारा भाग जागा झाला आणि कपाळामागच्या भागाशी चक्क गप्पा मारू लागला. पण ‘थांबवा’ म्हटलं तरी गप्पा चालूच. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. सांगितल्यावर सुरू आणि सांगितल्यावर बंद झालं, तरच माणूस ऐकतोय असं खात्रीने म्हणता येतं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. माझाही जीव कासावीस झाला, पण मला कुठे तोंड आहे?

कोपऱ्यात बसलेल्या काकूंना मात्र हसू फुटलं.

“अहो, गिऱ्हाईकाचं अर्धं डोकं कापून हे कसे थांबतील? लग्नाच्या दिवशीसुद्धा हातातलं गिऱ्हाईक पुरं करूनच आले होते. ‘झालं, खुर्ची मोकळी’ असं म्हणून बघा.”

डॉक्टरीणबाईंनी तसं म्हटलं आणि गप्पा थांबल्या. पुन्हा कात्री चालवायला सांगितलं, सुरू. खुर्ची मोकळी, बंद. किती वेळा करून पाहिलं, पण काका एकदाही चुकले नाहीत. “काकू, हे आत आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आपलं बोलणं ऐकतायत.”

काकू आधी लाजल्याच. इतके दिवस उशाशी बसून त्यांनी काकांच्या घोरण्यापासून हट्टीपणापर्यंत सगळ्याचा पाढा वाचला होता. मग त्या रडल्या, आणि डोळे पुसून काकांच्या कानाशी वाकल्या.

“तुम्हाला न विचारता मी सलून विकायला निघाले होते. विकायचं नसेल तर कात्री चालवा.”

कात्री अशी काही चालली की पडद्यावरच्या रेघा बघत राहाव्यात. डॉक्टरीणबाईंनी शहानिशा म्हणून उलटही विचारलं, विकायचं असेल तर चालवा. सगळं चिडीचूप. काकूंनी तिथूनच दिराला फोन लावून नाही म्हणून सांगितलं, आणि काकांच्या हाताखाली शिकलेल्या लेकीने सलूनचं शटर वर केलं.

तेव्हा माझं किती कौतुक झालं! आता माझं कापड सैल पडलंय, दोन चकत्या मुक्या झाल्यात. नवी टोपी आली आणि मी कपाटात गेले. शिकाऊ मुली कधीतरी मला एकमेकींच्या डोक्यावर चढवून खिदळतात. माझी तक्रार नाही, फक्त नंतर कोमट पाण्याने धुवा, चकत्यांवर जेल वाळू देऊ नका.

आणि मित्रांनो, निपचित पडलेल्या माणसाबद्दल काही ठरवण्याआधी त्याला विचारून पाहा. एका रीतीने नाही कळलं, तर दुसऱ्या रीतीने विचारा. काकांना एक बोट हलवायला पुढे कितीतरी महिने लागले, पण घरातला शेवटचा शब्द त्या दिवसापासून पुन्हा त्यांचाच होता.