धाग्याची पट्टी

टाळूच्या डाव्या बाजूला साडेसहा सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद जागा उघडी होती. भिंगाखाली मोजलेले केस एकतीस. त्यांतले सतरा काळे, बाकीचे चौदा नुसती लव. घरातल्या थोरल्या लेकीने, थोरलीने, आरशात बघत स्वतःच दोनदा मोजले. तिच्या निकाहाला नऊ दिवस उरले होते.

ती केसांचे टोप बनवणाऱ्या कारखान्यात पट्ट्या शिवायची. चार महिन्यांपूर्वी तिचीच वेणी मशीनच्या रुळात गेली आणि कातडीसकट उपटून निघाली. मुकादमाने आठ दिवसांची रजा दिली आणि मग रुळाला जाळी बसवली. बैल गेला नि झोपा केला.

डॉक्टर म्हणाले, मानेवरचे केस मुळासकट काढून इथे लावता येतील, पण व्रण पक्का व्हायला वर्ष तरी जाऊ दे. मौलानांनीही उलगडून सांगितलं, "स्वतःचा केस मुळासकट लावून उगवला, तर तो इलाज. त्याला हरकत नाही. माणसाचा केस वरून जोडणं मात्र मना आहे, मग तो कुणाचाही असो."

"आणि धाग्याचा?"

"धर्माचे काही जाणकार, आलिम, त्यालाही नको म्हणतात. माझ्या मते चालतो. पण नवऱ्यामुलापासून लपवू नकोस."

तिने लपवलं नाही. फोनवर तो म्हणाला, "मला चालेल गं. पण आमच्या आत्याच्या तोंडाला कुलूप कुठून आणू?"

आत्या शिवणकाम करायची. याआधी एका मुलीचा चष्मा बघून तिने त्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, आणि घरात तिच्या शब्दापुढे कुणाचं चालत नव्हतं. उद्या सकाळी दहाला ती कपड्यांचं माप घ्यायला येणार होती. बंद खोलीत, ओढणी काढून.

"माप अंगाचं घ्यायचंय, डोक्याचं नाही," थोरली म्हणाली.

"तिला पहिलं डोकंच दिसणार," अम्मी म्हणाली. "आणि जन्मभर ओढणीला खिळे ठोकून फिरणार आहेस का तू?"

दुपारी कारखान्यातली मावशी पिशवी घेऊन आली. आत काळीभोर पट्टी, दहा ओळींची, शिक्क्यासकट: शंभर टक्के कृत्रिम धागा. अम्मीने ती थोरलीच्या डोक्यावर धरली, आरसा पुढे केला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा हसली.

"बघ, आत्याने बोटं घालून चाचपलं तरी फसेल! लाव आता पटकन."

थोरलीने एक केस दोन बोटांत फिरवला. अकरा वर्षं केसच हाताळलेली बोटं ती. "मावशी, ही पट्टी कुठल्या टेबलावरची, धाग्याच्या की केसांच्या?"

"मला काय ठाऊक? शिक्का आहे ना?"

"शिक्के मीच मारते, मावशी. मुकादम सांगेल ते, आत काहीही असलं तरी."

मावशीने नजर खाली घातली. "गप लाव की बाई. न कळता केलं त्याचं पाप नसतं."

"आता कळायची वेळ आहे."

"दुसरी पट्टी मिळायची नाही," अम्मीचा आवाज फाटला. "नसत्या चौकशा नकोत. मी हात जोडते तुझ्यापुढे."

थोरलीने आरसा पालथा ठेवला. कारखान्यात माल ओळखायची एकच रीत होती: धागा जाळला की वितळतो, माणसाचा केस जळला की राख होते. प्रत्येक ओळीतून एक असे दहा केस तिने चिमट्याने उपटले, बशीच्या कडेला ओळीने लावले आणि काडी ओढली. पहिली काडी विझली. दुसरी पुरली नाही, तिसरीही लागली. अम्मी भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती, "या अल्लाह, धागाच असू दे, धागाच असू दे."

सहा केसांच्या टोकांना काळे, कडक मणी आले. चार केसांची राख झाली. थोरलीने पट्टी पिशवीत घालून मावशीकडे सरकवली.