परत केलेलं नाव

"सोड आधी ते," म्हणत गियोक-लाननं तान पाळकानं अंगात घातलेल्या सराईच्या जपानी झग्याचा पट्टा ओढलाच. "उजवी बाजू वर घेऊन मेलेल्याला नेसवतात. नाश्त्याला चाललायस की शवपेटीत?"

तान बिचारा हात वर करून उभा राहिला. तैवानमधल्या तैनानच्या अख्ख्या ख्रिस्ती मंडळीला धाकात ठेवणारा पन्नाशीचा माणूस, पण त्याला बाप्तिस्म्यापासून ओळखणाऱ्या लान मावशीपुढे त्याचं काही चालत नसे. तिनं डावी बाजू वर घेतली, पट्टा आवळला, आणि हे आपल्याला कुणी शिकवलं ते आठवून क्षणभर तशीच थांबली.

मंडळ्यांच्या पुढाऱ्यांच्या सभेसाठी जपानात कानाझावाला येऊन त्यांना चार दिवस झाले होते, आणि खरं सांगायचं तर सभेत तिचं लक्षच नव्हतं. सकाळचं शिंपल्यांचं गरम सार, पिवळ्या मुळ्याचं लोणचं, सरकत्या दारांचा हलका आवाज, संध्याकाळी गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसून राहणं. सहासष्टाव्या वर्षी तिला शाळकरी पोरीसारखं होत होतं. काल तर पाण्यातून बाहेर यायलाच तयार नव्हती, शेवटी सराईच्या मालकिणीनं हाक मारली.

तैवानवर जपान्यांचं राज्य होतं तेव्हाचं तिचं बालपण. शाळेत तिचं नाव बदलून हायाशी रानको केलं होतं. बाबांनी ते नाव कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. घरात ती लानच. पण जपानी मास्तरांची मुलगी किनुए, जिनं तिला झगा नेसायला शिकवला, ती लाडानं रानचान म्हणायची, गळ्यात हात टाकून म्हणायची, आणि युद्ध हरल्यावर मायदेशी जाणाऱ्या बोटीत चढतानाही तीच हाक मारत राहिली. त्याला त्रेपन्न वर्षं झाली. एकदा, फक्त एकदा कुणीतरी तशी हाक मारावी, असं तिला चार दिवस वाटत होतं आणि वाटल्याची लाजही वाटत होती. कारण नेमक्या त्याच नावाबद्दल आज दुपारी जपानी मंडळी माफी मागणार होती, आणि ती स्वीकारायला सगळ्यांत वयस्क म्हणून हिलाच उभं करणार होते. बाबा असते तर काय म्हणाले असते, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

दुपारी नागासे पाळक उभे राहिले. चाळिशीचे, कपाळावर घाम. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

"आमच्या माणसांनी आपलं नाव हिरावून घेतलं," ते म्हणाले. "आज ते परत करतो. लिन यूलान."

तान खुर्चीतून अर्धा उठलाच. अक्षरं तिच्याच, गियोक-लानच्या नावाची होती, पण वाचली होती बीजिंगच्या उच्चारात. जपानी गेले आणि चीनहून नवे राज्यकर्ते आले, त्यांनी तीच अक्षरं आपल्या भाषेत वाचायला लावली. वर्गात कुणी आईच्या बोलीत बोललं की गळ्यात पाटी अडकवायचे. लिन यूलान ही हाक तिला फक्त सरकारी कचेरीत आणि इस्पितळात ऐकू यायची. या भल्या माणसानं एक लादलेलं नाव काढून घेऊन दुसरं लादलेलं तिच्या हातावर ठेवलं होतं.

तिनं तानला दंड धरून खाली बसवलं, पुढे गेली, कमरेतून वाकली आणि "पोचलं" एवढंच म्हणाली. लिहून आणलेलं भाषण पर्समध्येच राहिलं.

शेजारच्या चटयांच्या खोलीत चहा ठेवला होता. नागासे जवळजवळ धावतच आले. तीन महिने कॅसेट लावून घोकलं होतं म्हणे, बायको वैतागली होती. जपानी जिभेला 'ल' म्हणता येत नाही, एकट्या त्या 'ल'वरच महिना गेला. उच्चार बरा होता ना, असं त्यांनी विचारलं, आणि 'छान होता' म्हणून ती मोकळी होणार, तोवर तानच्या तोंडात काही राहिलं नाही. मोडक्यातोडक्या जपानीत त्यानं सगळं सांगून टाकलं.

नागासेंच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. त्यांनी तिथंच गुडघे टेकले आणि कपाळ चटईला लावलं.

"उठा हो," ती म्हणाली. "तुम्ही निदान स्वतः घोकलंत. आधीच्या दोन्ही सरकारांनी मलाच घोकायला लावलं होतं."

ते उठले नाहीत. खालूनच त्यांनी विचारलं, "आई काय म्हणायची आपल्याला?"

"लान."

"रान," नागासे म्हणाले.

तान फिसकन हसला. महिनाभराची मेहनत घाबरलेल्या जिभेवरून पार उतरली होती. नागासेंनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा रानच आलं, तिसऱ्यांदाही तेच. दर खेपेला ते माफी मागत होते आणि त्यांचे कान लाल होत चालले होते. जीभ कुठे टेकवायची ते दाखवायला तान तोंड उघडून पुढे सरसावला, तसं तिनं त्याला हातानं मागे सारलं.

"तू गप्प बस," ती म्हणाली. "बरोबर म्हणताहेत ते."

मग तीही नागासेंसमोर चटईवर बसली.

"अजून एकदा म्हणा."