तपकिरी पडलेला नीलम

शैला टिपणीसांच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली, असं त्या स्वतःच सांगायच्या. मुलं मोठी होऊन लंडनला गेल्यावर त्यांनी एडिनबरात संध्याकाळच्या क्लासला नाव घातलं, रत्नपरीक्षेचा डिप्लोमा मिळवला, आणि ही गोष्ट मराठी मंडळाच्या गणपतीत बोलून बसल्या. झालं! तेव्हापासून कुणाचं हळदीकुंकू असो की बारसं, कोपऱ्यात एक तरी बाई बोटातली अंगठी ओढून काढत उभी. "शैलाताई, जरा बघा ना, खरं आहे का हो?" खरं म्हणजे नक्की काय, हे त्या बाईलाही ठाऊक नसायचं.

पण अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात अनुराधा देवस्थळी गिलेस्पीसाहेबांच्या जवाहिरीच्या दुकानात शिरली ती अशी हौशीने नाही. शैलाताई तिथे आठवड्यातून तीन दिवस काम करायच्या. अनुराधा त्यांची वीस वर्षांची मैत्रीण. दोघींचे नवरे एकाच वर्षी इथल्या हॉस्पिटलात लागलेले. तिने कोटाची बटणंसुद्धा न काढता काउंटरवर रुमालाची पुरचुंडी सोडली.

"हे बघ. मीनलचा नीलम. तपकिरी पडलाय."

रुमालात सोन्याची जुनी अंगठी होती आणि तिच्यात चहाच्या रंगाचा खडा.

"ऑक्टोबरात घातली तेव्हा मोरपिशी निळा होता गं! सहा आठवड्यांत हे असं. मी पुण्याला गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, नीलम फिरला म्हणजे शनी फिरला. हे लग्न मुलीला लाभणार नाही, आत्ताच थांबवा." अनुराधाचे डोळे भरून आले. "एप्रिलचा हॉल बुक आहे, शैला. जयंत किती चांगला मुलगा आहे. पण उद्या काही बरंवाईट झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? तू सांग, खडा खराब आहे की नशीब. रविवारपर्यंत सांग. मग मी जयंतच्या आईला ब्रॅकनेलला फोन करून टाकते."

"अगं, पण नीट परीक्षा करून घातलीत ना?"

"म्हणजे काय! तीन रात्री माझ्या उशीखाली ठेवला होता. एकही वाईट स्वप्न नाही. उलट तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलसमोर पार्किंग मिळालं. मगच मीनलच्या बोटात घातला आणि बजावलं, आंघोळीलासुद्धा काढायचा नाही."

शैलाताईंनी हसू आवरलं. ही बाई इथल्या हॉस्पिटलात सुपरवायझर, दहाजणींना कामाला लावणारी, आणि खड्याची परीक्षा पार्किंगवर!

"आणला कुठून?"

अनुराधाने नजर वळवली. "आईची अंगठी. आईला नीलमची धास्ती, तिने कधी घातलीच नाही. तीस वर्षं डब्यात पडून होती. आई गेल्यावर सीमाकडे राहिली. मीनलचं ठरल्याचं कळलं तशी तिने इकडे येणाऱ्या नंदूबरोबर पाठवून दिली." मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला तेव्हाच घालू नये असं वाटलं होतं. तिच्या हातून आलेली वस्तू."

सीमा म्हणजे अनुराधाची सांगलीची धाकटी बहीण. शैलाताईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही. एकदा अनुराधाच्या लग्नाचा अल्बम चाळताना त्यांनी विचारलं होतं, "तुझी बहीण कुठेय गं यात?" "तिला ताप आला होता," म्हणून अनुराधाने पान उलटलं होतं. नंतर कुणाकडून तरी कळलं, ताप नव्हता. अंगावर कोड होतं. पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून तिला मागच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. पुढे तिचं लग्नही झालं नाही.

अनुराधा गेल्यावर शैलाताईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि मिनिटभरातच मान डोलावली. हा कुठला नीलम! खड्याच्या वरच्या सपाट पैलूतून आत पाहिलं की मागच्या पैलूंची प्रत्येक कड दोनदा दिसत होती, चष्मा न लावता धागा बघावा तशी. नीलमात अशी कड फुटून दिसत नाही. वरच्या कडाही बारीक बारीक टवके उडून गेलेल्या. आपल्या बायका पाटल्या, तोडे, अंगठ्या सगळं एका डब्यात कोंबतात. आणि हा खडा इतका ठिसूळ की जाणता जवाहिऱ्या तो एकेक वेगळा कागदात गुंडाळून ठेवतो. हा झिरकॉन होता.

झिरकॉन म्हटलं की लोक नाक मुरडतात. त्यांना वाटतं, तो कारखान्यातला खोटा हिरा. शैलाताईंना या एका गोष्टीचा भारी राग. तो खोटा हिरा वेगळा, नावाचं थोडंसं साम्य, बाकी काही संबंध नाही. झिरकॉन पृथ्वीच्या पोटातला. ऑस्ट्रेलियात त्याचे कण सापडलेत चारशे कोटी वर्षांपूर्वीचे; त्याहून जुनं या पृथ्वीवरचं काही कुणाच्या हाती लागलेलं नाही. निळा मात्र तो क्वचितच जन्मतो. बहुतेक वेळा निघतो तपकिरी, मग भट्टीत तापवून त्याला निळा करतात. आणि काही खडे असे हट्टी, की कडक उजेडात राहिले तर हळूहळू मूळ रंगावर येतात.

इथवर सगळं पुस्तकातलं झालं. शैलाताई अडल्या त्या पुढे. कडक उजेड? एडिनबराच्या नोव्हेंबरात? इथे साडेतीनला दिवे लावावे लागतात! क्लासमध्ये सरांनी एक किस्सा सांगितला होता, एका बाईचा निळा झिरकॉन अंग रापवायच्या दिव्यांखाली, सनबेडवर झोपून झोपून तपकिरी झाला त्याचा. पण लग्न ठरलेली मराठी मुलगी मुद्दाम सावळी व्हायला सनबेडवर जाईल? छे! अनुराधा घरात राहू देईल का?

जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, त्या सनबेडसारख्या दिव्यांनी आजारही बरे करतात ना?"

पद्माकर हाडांचे डॉक्टर. आमटीतून मान वर न काढता म्हणाले, "करतात. स्किनवाले करतात. सोरायसिसला, कोडाला. गोळी द्यायची आणि दोन तासांनी दिव्यांच्या पेटीत उभं करायचं. गोळीने डोळ्यांना उजेड बाधतो, म्हणून दिवसभर काळा चष्मा. का गं?"

"काही नाही. भात वाढू?"

काळा चष्मा! मंडळाच्या दिवाळीला मीनल संध्याकाळी, हॉलच्या आत, काळा चष्मा लावून बसली होती. अनुराधा सगळ्यांना सांगत होती, "आमच्या मॅडमची फॅशन." पोर गं ती. आणि एकटी.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी मीनलला घरी बोलावलं. मीनल पंचवीस वर्षांची, लहानपणापासून एडिनबरातच वाढलेली, एका केमिस्टकडे फार्मासिस्ट. शैलाताईंनी चहा पुढे ठेवला, अंगठी पुढे ठेवली आणि खडा कशाचा, कशाने बदलला, तेवढंच सांगितलं. पुढे एक शब्द विचारला नाही.

मीनलने अंगठी उचलून तळहातावर घेतली. मग म्हणाली, "नर्सने सांगितलं होतं, टेक इट ऑफ. मीच नाही म्हटलं. आई बोलली होती ना, कधी काढायची नाही. मी म्हटलं, इट्स रिलिजस." आणि एकदम रडायला लागली.

डाग कमरेवर होते आणि पायांवर. मेपासून. आता गुडघ्याच्या वर आले होते. आठवड्यातून दोनदा लंच अवरमध्ये ती दिव्यांच्या उपचाराला जायची, आईबाबांच्या नाही, दुसऱ्याच हॉस्पिटलला.

"बाबांना माहीत आहे?"

"नो! बाबा आईला सांगतील. मावशी, प्लीज. तुम्हाला माहीत नाही आई सीमामावशीबद्दल कसं बोलते. लहानपणापासून ऐकलंय मी. तिचा टॉवेल वेगळा, तिचा कप वेगळा. इट इझन्ट इव्हन कॅचिंग! आई हॉस्पिटलमध्ये काम करते, तिला माहीत आहे. तरी." तिने नाक पुसलं. "मी आईला आवडणार नाही आता."

शैलाताईंनी तिला जवळ घेतलं. त्यांना अनुराधाचा संताप आला, आणि त्याच वेळी तिची कीवही आली. लग्न मोडू नये म्हणून खड्याकडे धाव घेणारी आई, आणि तिच्याच भीतीने दिवाळीत काळ्या चष्म्याआड लपून बसणारी मुलगी. काय म्हणावं या कर्माला!

"हे बघ, हा खडा पुन्हा तापवला तर बहुतेक निळा होईल," त्या म्हणाल्या. "ठिसूळ आहे, तडकायची भीती आहे, पण गिलेस्पीसाहेबांचा हात चांगला आहे. निळा झाला की आई गप्प बसेल, लग्न ठरल्याप्रमाणे होईल. मी कुणाला काही सांगणार नाही. तू म्हणशील तसं."

मीनलने डोळे पुसले. "करा निळा," ती शेवटी म्हणाली. "लग्नापर्यंत तरी."

पण सोमवारपर्यंत दुकान बंद, आणि अनुराधाला कुठला धीर! रविवारी दुपारी दोनलाच ती मीनलला घेऊन दारात हजर. "बोल. काय निघालं?"

शैलाताईंनी मीनलकडे पाहिलं. मीनल खाली बघत होती. आता खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, अशी ही कसरत.

"अनुराधा, हा नीलमच नाही. झिरकॉन आहे. चांगला, अस्सल खडा आहे, पण शनीशी याचा काही संबंध नाही. गुरुजींना म्हणावं, तुमचा शनी दुसरीकडे बघा. हा मुळात तपकिरीच असतो, तापवून निळा केलेला. कडक उजेड लागला की कधीकधी परत फिरतो. उद्या तापवू, होईल निळा."

अनुराधाचा चेहरा क्षणभर खुलला, आणि तिथेच थांबला. वीस वर्षं स्टाफची निमित्तं ऐकलेली बाई ती.

"कडक उजेड कुठला? गेले दोन महिने इथे ऊन पाहिलंय का कुणी?"

शैलाताईंनी अंगठी रुमालात गुंडाळायला घेतली. काय बोलणार? खड्याचं खरं सांगायचं तर पोरीचंही सांगावं लागत होतं.

"बघ, तुझ्याकडेही उत्तर नाही. शैला, मी सांगते तुला, खड्यात काही नाही. देणाऱ्या हातात आहे. सीमाच्या अंगाचं ते, तिच्या वस्तूला लागून माझ्या पोरीच्या घरात..."

"आई, स्टॉप इट!"

मीनल उठून उभी राहिली होती. तिने खाली वाकून डावा मोजा काढला आणि पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. घोट्यापासून वर पांढरे डाग होते, आणि त्यांच्या मधेमधे उपचाराने परत येऊ लागलेले तपकिरी ठिपके.

"मे महिन्यापासून आहे. अंगठी यायच्या आधीपासून. सीमामावशीने नाही दिलं मला. मी दिव्यात उभी राहते, म्हणून खडा असा झाला. मी केला."

अनुराधा सोफ्यावर बसली. मग तिने विचारलं ते, शैलाताईंना वाटलं होतं तेच.

"जयंतला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. मी त्याला दाखवलं. त्याने विचारलं, दुखतं का? मी म्हटलं, नाही. मग तो म्हणाला, ओके, चल जेवायला जाऊ."

"दुखतं का," अनुराधा स्वतःशीच म्हणाली. मग तिने मीनलचा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि डागांवरून हात फिरवू लागली. "पंचेचाळीस वर्षांची झाली सीमा. मी तिला हे कधी विचारलं नाही गं. एकदासुद्धा नाही. माझ्या लग्नात दार मीच ओढून घेतलं होतं. आईने नाही, मी." आणि मग ती मोठमोठ्याने रडली, आणि मीनल तिच्या गळ्यात पडून रडली. शैलाताई उठून स्वयंपाकघरात गेल्या, कारण त्यांचंही काही वेगळं नव्हतं.

चहा घेऊन परतल्या तेव्हा मीनलने अंगठी बोटात घातली होती.

"उद्या देतेस ना तापवायला?" शैलाताईंनी विचारलं.

"नको," मीनल म्हणाली. "आता कशाला? हाच त्याचा रंग आहे ना? राहू दे."

"दिव्यात जाताना मात्र काढून ठेव," अनुराधा नाक पुसत म्हणाली. "आणि मंगळवारी मी येते बरोबर. एकटीने जायचं नाही." मग ती शैलाताईंकडे वळली. "तुझा फोन वापरू? भारतात लावायचाय. आत्ता साडेसात-आठ झाले असतील तिकडे."

नंबर तिला पाठ होता. सांगलीला रिंग गेली आणि पलीकडून एक बारीक, घाबरलेला आवाज आला. परदेशातून फोन म्हणजे वाईट बातमी, असाच तो काळ. ओरडून बोलावं लागायचं, त्यामुळे पलीकडचंही खोलीभर ऐकू यायचं.

"सीमा, अगं मी अनू. नाही नाही, सगळे ठीक आहेत. ऐक, एप्रिलमध्ये मीनलचं लग्न आहे, तू यायचंस. तिकीट मी पाठवते. काही सबब सांगू नकोस. मावशी म्हणून पुढे उभं राहायचं, पहिल्या रांगेत बसायचं. ऐकतेस ना?"

लाइन कट झाली की काय म्हणून अनुराधा "हॅलो, हॅलो" करू लागली.

"ऐकतेय," सीमा म्हणाली. मग तिने विचारलं, "अनू, फोटोतसुद्धा?"