बुवा एका रेषेत

गुरुवारी दुपारी वेणूचे वडील, कीर्तनकार आपाबुवा, देवस्थानच्या नोंदणीच्या फॉर्मवर येऊन उभे राहिले आणि वेणूच्या कचेरीतल्या निमकर साहेबांना ते दोन ठिपके उजवीकडे वाटले.

फॉर्म वेणू स्क्रीनवर आखत होती, रांगोळीच्या कागदासारखा ठिपक्याठिपक्यांचा. वर नाव-पत्त्याचे रकाने, खाली सतरंजीवर श्रोते, मध्ये आपाबुवा. मागं पेटीवर सदूकाका, तबल्यावर गोविंदा. पूर्वरंग संपून बुवांच्या गळ्यात हार पडला होता, कपाळी बुक्का लागला होता. आता उत्तररंग. पाऊल पुढं पडल्याशिवाय बुवांच्या तोंडून कथा निघत नसे, हे साऱ्या गावाला ठाऊक. साहेबांना सोडून.

"मधली जागा काढा," साहेब म्हणाले. "काय हा पसारा!"

"साहेब, बुवांना पुढं-मागं व्हायला जागा लागते."

"फॉर्मवर फुगडी घालायचीय का त्यांना? काढा म्हणतो ना!"

वेणूनं काढली. पेटी बुवांच्या पोटरीला चिकटली, तबला टाचेला.

"वेणू, पाऊल उचलवेना गं," बुवा आतून म्हणाले. "माणसं ताटकळलीत, बाळा."

"आणि ही मापं!" साहेब करवादले. "एक ढोल, एक काडी. थांबा, मीच येतो. सगळे माझ्या मापाचे करा. मला शेवटी निवडा."

ज्याला शेवटी निवडावं, त्याच्यासारखे बाकीचे होतात. तिथला नियमच तो. साहेब बुटासकट आत शिरले. कीर्तनात, देवापुढं, बूट! वेणूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं सदूकाकांना निवडलं, गोविंदाला निवडलं, साहेबांना निवडलं आणि शेवटी बुवांना.

तिघंही बुवांच्या मापाचे झाले. साहेबांचा कोट खांद्यावरून लोंबायला लागला. त्यांना पत्ताच नाही.

"आता डाव्या कडा जुळवा!"

जुळवल्या.

"वरच्यासुद्धा!"

"दोन्ही जुळवल्या तर एकावर एक याल सगळे."

"मला अक्कल शिकवू नका, बाई!"

"बरं," वेणू दात आवळून म्हणाली आणि जुळवल्या.

चौघं एका जागी आले. साहेब शेवटी शिरलेले, म्हणून वर साहेबच. श्रोत्यांना फक्त कोट दिसत होता. पण आता पुढं-मागं कुणी उरलं नव्हतं, मोप जागा झाली होती. कोटाखालून बुवांनी सूर लावला. खणखणीत. गोविंदाची थाप आतूनच पडली. बुवांचा पाय उचलला, तसा त्याबरोबर साहेबांचा बूटही उचलला.

"अहो, हलतोय मी! लॉक करा! जागच्या जागी लॉक करा!"

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना! ऐकू येत नाही का?"

संतापाच्या भरात वेणूनं लॉक केलं.

बूट अधांतरी राहिला. त्याच्या तळाखालून बुवांच्या अनवाणी पायाची बोटं तेवढी दिसत होती. समेवर टाळी द्यायला श्रोत्यांनी हात वर केले होते. ते त्यांनी खाली घेतले नाहीत.