बाबांना पोचता येईल असे गाव

मित्रांनो, मला उघडायचे असेल तर आधी टेबलावरच्या कपबश्या उचला. मी एक जुना घडीचा नकाशा आहे. पूर्ण पसरलो की टेबलाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबतो आणि मिटलो की पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात मावतो. मला नीट मिटणे मात्र सगळ्यांना जमत नाही. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही मी घाम फोडला आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. यंत्रातून माझ्या पाच फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत निळ्या नद्या उमटल्या, दुसऱ्या फेरीत हिरवी जंगले, तिसऱ्या फेरीत गावांची काळी नावे आणि रस्ते. चौथ्या फेरीत आल्या बारीक तपकिरी समोच्च रेषा. तुम्ही भूगोलात त्या पाहिल्या असतील आणि कंटाळून पान उलटले असेल. पण जरा ऐका. या रेषा एकमेकींपासून दूर दूर असतील तिथे जमीन सपाट असते. जिथे त्या एकमेकींना खेटून दाटीने उभ्या असतात, तिथे चढ असतो. अमुक गाव कुठे आहे हे माझी काळी अक्षरे सांगतात. तिथे जाताना पाय किती दुखतील हे या तपकिरी रेषा सांगतात.

आणि पाचव्या फेरीत माझ्या अंगावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लाल ठिपक्यांची ओळ उमटली. ती पायवाट आहे. डोंगरातून निघून समुद्राला मिळणारी, चाळीस दिवसांची.

मला विकत घेतले ते एका टपालवाल्याने. चौतीस वर्षे ते रोज चालले, पण दुसऱ्यांच्या दारांपर्यंत. निवृत्त झाल्यावर एकदा स्वतःसाठी चालायचे, असे त्यांनी ठरवले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जमिनीवर अंथरले आणि बोटाने ती सगळी वाट चालून काढली. "झकास छापलाय," असे ते म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

पुढे निवृत्ती आली, पण तिच्या आधी गुडघे गेले. मी कपाटात विम्याच्या कागदांखाली जाऊन पडलो. वर्षातून दोनदा ते मला काढायचे, बघायचे आणि ठेवून द्यायचे. नेहमी एकाच जागी दुमडल्यामुळे माझी मधली घडी विरली. त्यांनी मायेने तिच्यावर चिकटपट्टी लावली. काही वर्षांनी ती पट्टी पिवळी पडून सुटली आणि जाताना खालच्या तपकिरी रेषा सोलून घेऊन गेली. गावांची नावे शाबूत राहिली. चढ तेवढा पुसला गेला. कुणाच्या लक्षात आले नाही आणि मला बोलता येत नव्हते.

टपालवाल्यांची मुलगी शिवणकाम करते. शाळांचे गणवेश शिवते. शाळा उघडण्यापूर्वीचे गठ्ठे पोचवून झाले की तिला थोडी उसंत मिळते. एका वर्षी ती म्हणाली, "बाबा, जाण्यायेण्याचे दोन धरून बेचाळीस दिवस दुकान बंद ठेवते. तुमची वाट मी चालते."

बाबांनी मला कपाटातून काढले. मग म्हणाले, "मला नुसतं मध्ये कुठेतरी भेट. त्या वाटेवर एकदा उभं राहायचंय मला. चालायचं नाही, नुसतं उभं राहायचं."

एवढीच त्यांची इच्छा होती. आणि ती पुरी करायचे काम माझ्यावर आले.

भेटीची गावे कशी निवडली तेही सांगतो. शिवणाऱ्या माणसाने जसे निवडावे तसेच. तिने रिळाचा दोरा काढला, लाल ठिपक्यांवरून वळणावळणाने बसवला आणि टोकाशी कापला. मग तो दोरा तिहेरी दुमडला आणि जिथे दुमड आली तिथे टाचण्या टोचल्या. प्रत्येक टाचणीजवळचे मोठे गाव, ते भेटीचे गाव. दोन गावे ठरली. तिचा धाकटा भाऊ पावाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला आहे. तो बघून हसला. "ताई, बाबांना भेटायचंय की त्यांची पँट बेतायचीय?"

"अंतर सारखं नको का पडायला?" ती म्हणाली.

सारखे पडले, अगदी काटेकोर. पण मित्रांनो, तो दोरा चालणारीच्या वाटेवर बसवलेला होता. येणाऱ्याच्या वाटेवर दोरा कोणीच बसवला नाही.

चौदाव्या दिवशी पहिल्या गावात भेट ठरली. ते गाव नेमके माझ्या विरलेल्या घडीवर होते. रस्ता आणि गाव यांत अर्ध्या बोटाचे अंतर दिसत होते. तिने फोनवर सांगितले, "बाबा, स्टँडवर उतरलात की गावच. तिथल्या धर्मशाळेच्या व्हरांड्यात मी बसलेली असेन." भावाला सुट्टी नव्हती. बाबा एकटेच निघाले. चौतीस वर्षे टपाल वाटलेल्या माणसाला कोण पोचवणार?

त्या अर्ध्या बोटात तीनशे ऐंशी पायऱ्या होत्या.

ती वरच्या वाटेने, डोंगराच्या माथ्यावरून आली होती, त्यामुळे पायऱ्या तिने पाहिल्याच नव्हत्या. सकाळपासून ती व्हरांड्यात बसून राहिली. मी तिच्या मांडीवर होतो. खाली बाबा अकरालाच उतरले होते. त्यांच्या फोनला तिथे रेंज मिळत नव्हती. चाळीस पायऱ्या चढून ते कठड्याला टेकले, मग सावकाश उतरले आणि स्टँडवर जाऊन बसले. दुपारी वर पेरू घेऊन आलेल्या एका बाईने सहज सांगितले, "खाली एक आजोबा बसलेत. लेक येईल म्हणतात."

ती मला तसेच उघडे हातात धरून पायऱ्या उतरली. चार वाजले होते. परतीची शेवटची गाडी साडेचारची होती.

"बाबा, एवढ्या पायऱ्या असतील असं..."

"पायऱ्यांना काय झालंय? चांगल्या आहेत," बाबा म्हणाले. "तू वाळलीस गं."

अर्ध्या तासाची भेट. गाडीत चढताना ते म्हणाले, "पुढच्या वेळी नको बोलवू. तुझा दिवस गेला माझ्यापायी." आणि त्यांनी खिडकीतून दुसरीकडे पाहिले.

मी नकाशा आहे. मला लाज वाटते असे म्हटले तर तुम्ही हसाल. पण त्या दिवशी मला मिटून घ्यावेसे वाटले, आणि तेही कोणीतरी मिटेपर्यंत जमत नाही.

दोन दिवसांनी वाटेतल्या एका गावी तिने मला दुकानाच्या ओट्यावर पसरले आणि भावाला फोन लावला. ठरलेले दुसरे गाव तळ्याकाठचे होते, फार देखणे. ती त्याच्याकडे पाहीना. तिचे बोट रेल्वेच्या काळ्या रेषेवरून सरकत होते.

"हे बघ, कालव्याजवळ एक गाव आहे. वाट स्टेशनच्या मागूनच जाते," ती म्हणाली.

"सिमेंट कारखान्याचं?" भाऊ म्हणाला. "आमचा पाव जातो तिथे. पोचेपर्यंत पांढरा होतो. तिथे बघण्यासारखं काय आहे?"

"बाबा असतील ना. मला सांग, फलाटावरून बाहेर यायला पायऱ्या किती?"

"कोणाला ठाऊक?"

"पावाच्या गाडीवाल्याला विचार. आणि फलाटावर बाक आहेत का तेही."

भावाने विचारून सांगितले. पायरी एकही नाही. बाक आठ, त्यातला एक मोडका. मात्र भावाची सुट्टी मंगळवारी आणि ती तिथे पोचणार शनिवारी. थांबायचे म्हणजे तिचे तीन दिवस जाणार होते. दुकान उघडायची तारीख तर ठरलेली. ओट्यावर बसून तिने बोटे मोजली आणि बाबांना फोन लावला.

"मी येत नाही," बाबांनी आधीच सांगून टाकले.

"नका येऊ. पण माझे मोजे विरलेत. कपाटात दोन जोड आहेत, ते पोचते करायचेत. धाकटा आणतो म्हणतोय."

"तो? त्याला गल्लीतलं वाण्याचं दुकान सापडत नाही."

"मग काय करू, बाबा? अनवाणी चालू?"

"पत्ता सांग," बाबा म्हणाले. "नीट सांग. खुणेसकट."

मंगळवारी गाडी आली. बाबा उतरले ते सरळ चालत बाहेर. हातात मोज्यांचे पाकीट, त्यावर लेकीचे नाव आणि गावाचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिलेला. मागून भाऊ दोन पिशव्या सांभाळत येत होता. "सही कुठे करू?" लेकीने विचारले. "पाकीट फाटलेलं नाही ना, ते आधी बघून घे," बाबा म्हणाले आणि मग दोघेही हसले.

स्टेशनच्या मागे कालव्याचा बांध होता. झाडांची पाने धुळीने पांढरी झाली होती. बांधावर एका दगडावर लाल पट्टा रंगवलेला होता. ती वाटेची खूण. बाबा त्या दगडापाशी उभे राहिले. ठरल्याप्रमाणे नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "पुढचा दगड कुठे?"

"त्या वाकड्या झाडापाशी. बाबा, उगाच हट्ट नको."

"सपाट आहे की. चल."

मध्ये चार वेळा बसत ते त्या झाडापर्यंत गेले आणि तसेच परत आले. मग त्यांनी मला मागून घेतले, बाकावर पसरले आणि खिशातली पेन्सिल काढून दोन दगडांमध्ये एक रेघ ओढली. मित्रांनो, ती तिळाएवढी आहे. माझ्या अंगावर यापेक्षा मोठे काही नाही.

पेन्सिल ठेवायच्या आधी त्यांचे बोट सवयीने वाटेवरून पुढे गेले. टपालवाल्याचा हिशोब चटकन होतो. "तीन दिवस कमी पडतात तुला," ते म्हणाले. "समुद्र राहील."

"राहू दे. समुद्र कुठे पळून जातोय?"

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. मोज्यांची एक जोडी तिने तिथेच पायात घातली.

आता मी पुन्हा घरी असतो, पण कपाटात नाही, हॉलमधल्या फळीवर. माझ्या पाठीला पातळ कागद लावला आहे. माझे एवढेच मागणे आहे. आम्हा नकाशांना दर वेळी एकाच घडीवर दुमडू नका, आणि फाटलो तर चिकटपट्टी लावू नका. आम्ही झिजलो की जे दिसेनासे होते, नेमके तेच कोणाला तरी हवे असते. आणि कोणाला भेटायला बोलवाल तेव्हा माझ्यावर सुंदर गाव शोधण्याआधी येणाऱ्याचे पाय आठवा. ते मला ठाऊक नसतात. ते तुम्हालाच ठाऊक असतात.

माझी शेवटची घडी अजून करकरीत आहे. परवा दुपारी लेक दुकानात गणवेश बेतत होती, तेव्हा बाबांनी चष्मा लावून ती घडी उघडली. बोट समुद्राच्या कडेकडेने फिरले आणि एका बारीक काळ्या नावापाशी थांबले. रेल्वे तिथपर्यंत जाते. तपकिरी रेषा तिथे दूर दूर आहेत. त्यांनी त्या दोनदा तपासल्या. मग फोन उचलून धाकट्याला लावला.

"ऐक रे," ते म्हणाले, "तुमचा पाव तिथपर्यंत जातो का?"