न मोजलेला चमचा

सहा आठवडे झाले, घरात काट्यावर ठेवल्याशिवाय एक शेंगदाणाही माझ्या पोटात गेलेला नाही. वाटी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, भात घालायचा, एकशे वीस ग्रॅम झाले की थांबायचं आणि फोनमध्ये लिहायचं. तेलसुद्धा मोजते. नवरा म्हणतो, "अगं, स्वयंपाक करतेयस की औषधाच्या पुड्या बांधतेयस?" उपाशी माणसाला विनोद झेपत नाहीत.

आणि एवढं करून उतरलं किती, तर अर्धा किलो. तीन महिन्यांत चार उतरवायचेत. हौस म्हणून नाही. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात आणि घरात फक्त माझीच त्याला जुळते. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, या वजनावर तुम्हाला टेबलावर घेणार नाही. ऑपरेशनची तारीख धरून ठेवलीय. तोवर उतरलं नाही तर ती दुसऱ्याला जाईल, आणि पुढची कधी मिळेल ते कोणी सांगत नाही.

सोमवारी हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंनी माझी नोंद वर-खाली बघितली आणि विचारलं, "सगळं लिहिता ना?"

माझं डोकंच फिरलं. "बाई, टोमॅटो देठ काढून मोजते मी. खोटं लिहून फसवू कोणाला, भावाला?"

"खोटं कुठे म्हटलं मी? काहीतरी राहून जातं, एवढंच म्हटलं."

म्हणजे तेच झालं की! घरी आल्याआल्या राग काट्यावर काढला. तोच चुकत असेल म्हणून साखरेचा न फोडलेला एक किलोचा पुडा त्याच्यावर आपटला. एक हजार पाच. पाच ग्रॅम पिशवीचे. मेला काटाही माझ्या बाजूने बोलेना.

आता माझं काम सांगते. मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी आहे, बावीस वर्षं. दुपारी तीनशे माणसं जेवतात आणि आजवर एक वाटी परत आलेली नाही. समोरच हॉस्पिटल. आठवड्यातून तीनदा भाऊ तिथे डायलिसिसला येतो आणि यंत्रावरून सुटला की माझी सुट्टी होईपर्यंत स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहतो. त्याला दिवसाला पाऊण लिटर पाणी, बस्स. बाटलीवर रेघा मारल्यात त्याने. चूळ भरताना चुकून घोट गेला तर तोही वहीत लिहितो.

परवा मी त्याच्यापुढे त्या बाईंचा उद्धार करत होते आणि सूप ढवळत होते. तो बराच वेळ बघत होता.

"ताई, हा कितवा?"

"काय कितवा?"

"चमचा. मी आल्यापासून नऊ झाले."

"ते काय खाणं आहे? ते काम आहे माझं. चाखल्याशिवाय मीठ कळतं का?"

"बरं," तो म्हणाला. "मीही गोळीबरोबरचं पाणी लिहितो. ते तर औषध आहे."

असा राग आला म्हणून सांगू! याला खोटं पाडायचंच म्हणून काल घरचा काटा कामावर नेला. एक रिकामा डबा ठेवला. जेवढं तोंडात जाईल तेवढंच डब्यात टाकायचं. सूप, मीठ घालून पुन्हा सूप, शिजला का म्हणून बटाटा, मऊ झाला का म्हणून भात, गोडी बघायला कस्टर्ड, थंड झाल्यावर परत कस्टर्ड. दोन वाजता डबा काट्यावर ठेवला. डब्याचं वजन सोडून चारशे ऐंशी ग्रॅम. फोनने हिशेब केला, पाचशेच्या वर कॅलरी. आहाराच्या बाईंनी माझ्या ताटातून काढल्या होत्या, जवळपास तेवढ्याच.

मी स्टुलावर बसले. बावीस वर्षं मी रोज एक जेवण उभ्याने जेवत होते आणि त्याला काम म्हणत होते. या सहा आठवड्यांत भुकेपोटी ते दुप्पट झालं असणार. लाज वाटली. त्याहून जास्त संताप आला, कारण सहा आठवड्यांची उपासमार पाण्यात गेली आणि उरलेत आता सहाच.

आज चमचा खुंटीला टांगला. मीठ काट्यावर तोललं. शंका आली म्हणून भाजी चिरणारीला चाखायला दिलं, तर ती नेहमीसारखं "मस्त" म्हणाली. तिला मिठाचा खडा दिला तरी ती मस्तच म्हणेल. स्टुलावरच्याला विचारायची सोय नाही, त्याला मीठ वर्ज्य.

एक वाजता वेल्डर वाटी घेऊन खिडकीशी आला. "आज काय झालं? सूपला चवच नाही."

बावीस वर्षांत पहिली वाटी. माझा हात आपोआप खुंटीकडे गेला. एक घोट घेतला असता तर काय कमी आहे ते तिथल्या तिथे सांगितलं असतं. भाऊ माझ्याकडे बघत नव्हता, बाटलीच्या रेघा बघत होता. मी हात खाली घेतला.

"मीठ टेबलावर आहे," मी वेल्डरला म्हटलं. "घालून घ्या."

तो गेला, मागच्यांना काहीतरी बोलला, ते हसले. मला रडू येत होतं. मी फोन काढून लिहिलं, चाखणं, शून्य ग्रॅम.

"ताई, दुपारच्या वाट्यातलं साठ मिली पाणी उरलंय. देतेस?" भावाने बाटली पुढे केली.

मी पेला काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि बरोबर साठ ओतलं.