एक्केचाळीस नंबरचं खोकं

"एक्केचाळीस नंबरच्या खोक्यातलं इंजेक्शन खराब निघालंय! कुणाकुणाला दिलंय, लवकर सांगा," मोठ्या नर्सबाई संगणक-खोलीच्या दारातूनच ओरडल्या.

इस्पितळाच्या नोंदी सध्या दोन डेटाबेसांत ठेवून बघणं चालू होतं. तिथल्या प्रोग्रामर मुलीचा ऑब्जेक्टवाला, म्हणजे एका रुग्णाचं सगळं एका गाठोड्यात. तिच्या साहेबांचा रिलेशनल, म्हणजे रुग्ण, औषधं, खोकी यांचे वेगवेगळे तक्ते, एकमेकांना जोडलेले. कुठला ठेवायचा यावरून दोघांतून विस्तव जात नसे.

आता खोक्यावरून माणसं शोधायची, म्हणजे तिला नऊ हजार गाठोडी सोडणं आलं. साहेबांनी एक ओळ लिहिली आणि चुटकीसरशी सहा नावं आली.

"बघितलंस?" म्हणत ते नावं वाचू लागले. सहावं नाव परवाच गुडघ्याच्या ऑपरेशनला दाखल झालेल्या त्यांच्या बायकोचं होतं.

"सहाही जणांना उतारा द्या," नर्सबाईंनी फोनवर सांगितलं.

"थांबा, हिला कसलीतरी अ‍ॅलर्जी आहे..." साहेब पुटपुटले. कुठला तक्ता कुठे जोडायचा, त्यांना काही सुचेना.

"सरका बाजूला!" तिने ते एकच गाठोडं सोडलं. सगळ्यात वर, लाल अक्षरांत, अ‍ॅलर्जी म्हणून त्याच उताऱ्याचं नाव होतं.

तिने नर्सबाईंच्या हातातला फोन हिसकावला. "पाचच जणांना द्या! सहावीला हात लावू नका!"